एकटीपुरती पेटी

"बाई, दिलेली वस्तू परत मागायला येतं का हो कुणी? आणि आलंच, तर तुम्ही त्याला मनातल्या मनात काय म्हणता?"

प्रश्न तिचा नव्हता. तो तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून रचला होता. अर्धा लांब वेणीवालीनं आणि उरलेला अर्धा जिला सगळी शाळा वकीलबाई म्हणायची तिनं. मग दोघींनी तिला डिवचलं होतं की मोठ्या बाईंच्या तोंडावर हे विचारायची तुझी छाती नाही. गेल्या वर्षापर्यंत खरंच नव्हती. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला 'हजर' म्हणायची तेसुद्धा असं, की शिक्षिकेनं चष्मा वर करून बाकावर कुणी आहे का ते बघावं. मग वक्तृत्व स्पर्धेतली मुलगी ऐन वेळी तापानं आडवी झाली, हिला तिच्या जागी ढकललं गेलं, आणि माइकसमोर हिच्या घशातून जो आवाज निघाला त्यानं सगळ्यांत जास्त कोण दचकलं असेल तर ही स्वतःच. तेव्हापासून तिचं नाव भोंगा. नाव तिला मनापासून आवडायचं. आरशासमोर उभं राहून ती कधीकधी स्वतःला तशी हाकसुद्धा मारून बघायची. भोंग्याला आता कुणाला घाबरायचं कारण नव्हतं. म्हणून तिनं हातातला फडका खांद्यावर टाकला, दोन पावलं पुढे झाली आणि विचारून मोकळी झाली. मागे कपड्यांच्या ढिगाआड दोघींचा अडकलेला श्वास तिला पाठीनं ऐकू आला.

मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या सर्वेसर्वा. त्या एका जुन्या मिक्सरचं भांडं कानाशी धरून आतलं पातं बोटानं फिरवत होत्या. वस्तू तपासायची त्यांची हीच रीत, आधी कान आणि मग डोळे. मान वर न करता त्यांनी सांगितलं की येतात, पुष्कळ येतात, आणि मनात काय म्हणायचं, घेऊन जा बाई म्हणते, तुझंच आहे. मग भांडं खाली ठेवून त्यांनी हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. "ती हिरवी पेटी बघ. शनिवारी आलीय, चौथ्यांदा. तीन वेळा ती बाई देऊन गेली आणि तीन वेळा आठवडा संपायच्या आत येऊन घेऊन गेली. आता ह्या शनिवारी बघू."

मैत्रिणी खिदळल्या. तीही हसणार होती. हसू ओठांपर्यंत आलंच होतं. पण पेटीच्या झाकणाच्या कोपऱ्यात एक बदकाचं चित्र चिकटवलेलं होतं, अर्धं खरवडलेलं, चोच शिल्लक आणि शेपूट गायब. ते बदक तिनं स्वतः, चार वर्षांची असताना, आईच्या ओरड्याला भीक न घालता तिथं चिकटवलं होतं.

संस्था म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याचा लांबलचक हॉल. यंत्रं केव्हाच गेली होती, पण फरशीत त्यांचे चौकोन उरले होते आणि दमट दिवशी शाईचा वास अजून यायचा. लोक आपल्या घरातलं वापरलेलं पण चालू सामान इथं आणून द्यायचे. ते पुसायचं, तपासायचं आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना द्यायचं. नववीच्या मुलींनी मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर इथं दोन तास काम करायचं असं शाळेनं ठरवलं तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, भोंगा मात्र पहिल्याच दिवशी रमली. इथली एक पद्धत होती. आलेली प्रत्येक वस्तू सात दिवस भिंतीकडच्या फळीवर थांबायची, पांढरा दोरा बांधून. पांढरा दोरा म्हणजे वस्तू अजून देणाऱ्याचीच. देताना माणूस घाईत असतो, मोठ्या बाई म्हणायच्या, आवरायच्या झपाट्यात नको ते हातून सुटतं. त्याला घरी जाऊन हळहळायला वेळ द्यायचा. सात दिवस भरले की शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला बाई स्वतःच्या हातानं पांढरा दोरा कापून पिवळा बांधायच्या, आणि मग ती वस्तू जिला गरज असेल तिची. शिवाय प्रत्येक वस्तूला देणाऱ्यानं स्वतः लिहिलेली एक चिठ्ठी, तिच्यात त्या वस्तूची खोड. पंख्याची मान डावीकडे वळत नाही. खुर्चीवर जाड माणसानं रेलू नये. कपाट उघडताना आधी थोडं आत ढकला. ह्या चिठ्ठ्या वाचताना तिला वाटायचं, लोक वस्तू देत नाहीयेत, घरातलं एखादं हट्टी पोर शेजारी सांभाळायला ठेवून चाललेत.

आणि ती नुसती काम करत नव्हती, प्रचार करत होती. शाळेच्या सभागृहात तिनं ह्याच विषयावर सात मिनिटं भाषण ठोकलं होतं. माळ्यावर दहा वर्षं झोपलेला पंखा दुसऱ्याच्या घरी एका बटणात जागा होतो. देणाऱ्याच्या घरात जागा होते आणि घेणाऱ्याच्या घरात घर होतं. अशी वाक्यं तिला रात्रीतून सुचली नव्हती, अंघोळ करताना सुचली होती, आणि टाळ्या पडल्या होत्या. घरीसुद्धा तिनं धडाका लावला होता. बाल्कनीतला मोडका नसलेला पण नकोसा टेबल, तिची लहानपणची खुर्ची, दोन बादल्या, जुना पंखा, सगळं तिनं आईबाबांच्या मागे लागून इथं आणलं. बाल्कनी मोकळी झाली, तिथं एक खुर्ची मावली, आणि त्या खुर्चीवर आता बाबा संध्याकाळी बसायचे, पाय कठड्याला लावून, आणि चक्क रस्त्यावरच्या गाड्यांवर शेरे मारायचे. बाबांच्या मानानं ती बडबडच. हे आपल्यामुळे झालं असं तिला वाटायचं आणि छाती अर्धा इंच फुगायची. आणि त्याच सगळ्या आठवड्यांत, तिच्या धडाक्याच्या आड, तिला पत्ता न लागता, आई ही पेटी घेऊन इथं येत होती आणि परत नेत होती.

मैत्रिणी गेल्यावर तिनं पेटी उघडली. कडीला कुलूप नव्हतं, नुसती सुतळी. घरी आईबाबांच्या पलंगाखाली असायची ती. आत आईची कॉलेजची पुस्तकं आहेत असं तिला कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं, बहुतेक आईनंच, आणि पुस्तकं म्हटल्यावर तिनं पुन्हा तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आत पुस्तक एकही नव्हतं. एक झाकणाचं पातेलं, त्यात एक लहान पातेलं, त्यात एक कप. दोन ताटल्या. एक चमचा, एक डाव, एक सुरी, सुरीचं पातं कागदात गुंडाळलेलं. एक चादर, एक उशीचा अभ्रा, एक टॉवेल, घडीवर पिवळी पडलेली रेघ. मेणबत्त्या, काडेपेटी. सुईदोरा. एक आरसा, तळहाताएवढा. चिठ्ठीवर आईचं अक्षर. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, आणि दिवसभर नळ्यांवर नावं लिहून तिचं अक्षर इतकं ताठ झालं होतं की वाण्याची यादीसुद्धा रिपोर्टसारखी दिसायची. 'पातेल्याच्या झाकणाची मूठ सैल आहे. बाकी काहीही वापरलेलं नाही.'

दुसऱ्या कुणी बघितली असती तर एवढंच म्हटलं असतं की बरं सामान आहे. पण ती गेले तीन महिने मोठ्या बाईंच्या हाताखाली असल्याच पेट्या भरत होती. एकटीनं नव्यानं राहायला लागणाऱ्या बाईला द्यायची पेटी कशी भरायची हे तिला पाठ होतं. दोन ताटल्या कशाला, असं तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, एक जेवायला आणि एक वर झाकायला. कप एक. चादर एक. म्हणजे ही पेटी अडगळीतून जमलेली नव्हती. ती कुणीतरी विचार करून, एकेक वस्तू आठवून, एकटीपुरती भरलेली होती. कुणीतरी म्हणजे आईनं. आई जाणार होती. हे वाक्य तिच्या डोक्यात पूर्ण तयार होऊनच आलं, आणि आल्यावर असं बसलं की त्याला उठवता येईना. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, जास्त हळू, चपला हातात घेऊन आल्यासारखं: ह्यात माझं काही नाही.

घरी आई चहा करत होती. नेहमीसारखा आधी गॅस पेटवून मग पातेलं शोधत होती, नेहमीसारखी स्वतःशीच पुटपुटत होती. ती दारात उभी राहून बघत राहिली. आईची मान, मानेवरचा बारीक तीळ, कोपराला लॅबमधल्या निळ्या औषधाचा डाग, हे सगळं तिला आज असं दिसत होतं जसं परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक दिसतं, सगळंच महत्त्वाचं आणि काहीच लक्षात न राहणारं. आईनं विचारलं, काय गं, भोंगा आज बंद का, सेल संपले का. ती म्हणाली, घसा दुखतोय. लगेच गरम पाणी आलं, मीठ आलं, गुळण्या कर म्हणून हुकूम आला, आणि गुळण्या करताना आरशात स्वतःचं वर केलेलं तोंड बघून तिचं रडू फुटायच्या बेतात आलं, पण तोंडात पाणी असल्यामुळे ते जमलं नाही. जेवण झाल्यावर ती आईबाबांच्या खोलीत गेली, पेन पडल्याचं निमित्त करून वाकली. पलंगाखाली फरशीवर एक स्वच्छ चौकोन होता, कडेनं धूळ. छापखान्याच्या फरशीतल्या चौकोनांसारखाच. काहीतरी वर्षानुवर्षं तिथं होतं आणि आता नाही.

बुधवारी तिनं बाबांवर पाळत ठेवली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या पोटात ते दोरांमध्ये लोंबकळून काम करायचे आणि घरी आल्यावर तासभर तरी जमिनीवर पाय रोवून नुसते उभे राहिल्यासारखे वावरायचे. बाबा वाईट होते का? तिनं वकीलबाईसारखं पुरावे मांडून बघितलं. हात उगारला नव्हता कधी. दारू नाही. आवाजसुद्धा नाही, आणि तिथंच ती अडखळली. आवाज नाही. तिला एक काळ आठवत होता, आठवत होता म्हणण्यापेक्षा अंगात कुठेतरी साचून होता. ती चारेक वर्षांची असताना बाबांचा जोडीदार कामावर पडला होता, खोल, लिफ्टच्या विहिरीत, आणि त्यानंतर बाबा बोलायचे थांबले होते. किती दिवस ते तिला माहीत नव्हतं. लहानपणी दिवस मोजता येत नाहीत, फक्त त्यांची जाडी कळते. घरात चमचा खाली ठेवल्याचा आवाज व्हायचा. आई प्रश्न विचारायची आणि प्रश्न तसाच हवेत राहायचा, मग आईच दुसऱ्या आवाजात त्याचं उत्तर द्यायची, आणि तिला ते नाटक वाटून ती हसायची. आपण हसायचो, हे आठवून आता तिची कानशिलं तापली. मग बाबा हळूहळू परत आले, एकेका शब्दानं. पण परत आलेला माणूस पुन्हा जाऊ शकतो. आणि ज्या घरातून एक माणूस न हलता जाऊन आलाय तिथून दुसरं कुणी पेटी घेऊन का जाणार नाही?

गुरुवारी संस्थेत पोचल्यापासून तिचा जीव फळीवर टांगलेला होता. पेटी तिथंच होती. शनिवारी बारापर्यंत आई आली तर पेटी घरी जाणार, पलंगाखाली, आणि आई पुन्हा कधीही जाऊ शकणार. नाही आली तर पेटी जाणार आणि आई राहणार. हिशोब इतका सरळ होता की तो तिच्या हातात यायला काहीच वेळ लागला नाही. पेटीच नसेल तर आई जाईल कशी? मोठ्या बाई मागच्या दारात गादीवाल्याशी वाद घालत होत्या. लांब वेणीवाली कपड्यांच्या घड्या करता करता अर्धी झोपली होती. तिनं कात्री घेतली, पांढरा दोरा कापला, खिशात कोंबला, आणि डब्यातून पिवळा काढून बांधला. घाईत गाठ मोठी झाली. मग ती तिथून दूर जाऊन बादल्या पुसत बसली, एकच बादली, तीनदा.

अर्ध्या तासात एक बाई आली. लाँड्रीत इस्त्री करणारी होती, तिशीची असेल, दोन्ही मनगटांवर भाजल्याच्या जुन्या रेघा, बांगड्यांसारख्या. तिला खोली मिळाली होती, स्वतःची, पहिल्यांदाच. हे ती कुणी न विचारता सांगत होती, आधी पायपुसण्याजवळ, मग टेबलाजवळ. मोठ्या बाईंनी पिवळ्या दोऱ्याच्या वस्तूंकडे हात केला आणि गादीवाल्याकडे परत वळल्या. बाई चालत चालत हिरव्या पेटीपाशी थांबली, सुतळी सोडली, आणि खाली बसली. भोंगा बादलीच्या कडेवरून बघत होती. त्या बाईनं ताटली उचलून नखानं वाजवली. कपात बोट घालून त्याचा कान धरून बघितला. चादर नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. सगळ्यात शेवटी तळहाताएवढा आरसा सापडल्यावर तिनं तो तोंडासमोर न धरता छातीशी धरला, आणि मान वर केली तेव्हा समोर भोंगाच होती, म्हणून तिलाच म्हणाली, "आरसा कुणी देत नाही गं. ताटल्या देतात, आरसा नाही. जिनं भरलीय तिला एकटीनं राहायचं म्हणजे काय ते नेमकं ठाऊक आहे बघ."

ह्याच क्षणाबद्दल भोंग्यानं सात मिनिटं भाषण केलं होतं. झोपलेली वस्तू जागी होते, तो हा क्षण; आणि तो खरा होता, भाषणापेक्षा कितीतरी खरा, त्या बाईचं तोंड उजळलं होतं, ताटलीला आवाज फुटला होता. आणि तिला मात्र वाटत होतं की कुणीतरी आपल्या आईचं कपाट भर रस्त्यात उघडून ठेवलंय.

मोठ्या बाई आल्या, पेटीकडे बघितलं, आणि वाकून पिवळ्या दोऱ्याची गाठ दोन बोटांत धरली. "ही गाठ माझी नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. त्यांनी इस्त्रीवाल्या बाईला समजावलं की चूक झालीय, ही पेटी अजून दुसऱ्या कुणाची आहे, शनिवारी बारा वाजता या, ती परत न्यायला कुणी आलं नाही तर तुमची. आणि नेली तर मी दुसरी भरून ठेवते, पण त्यात इतकं सगळं असेल असं नाही. बाईनं आरसा होता तिथं ठेवला, चादरीची घडी पुन्हा पहिल्या घडीवर घातली. चालेल म्हणाली. आठ दिवस शेजारणीच्या ताटात जेवतेय, अजून दोन दिवस. लाज वाटते एवढंच, ती म्हणाली, जेवण जास्त असलं तरी कमी घेतलं जातं. ती गेल्यावर मोठ्या बाईंनी भोंग्याकडे हात पसरला. तिनं खिशातला पांढरा दोरा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी विचारलं, पेटीवाली तुझी कोण? आई, ती म्हणाली, आणि तो शब्द उच्चारताना तिचा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. बाईंनी तो दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या की मी तिला कधी काही विचारलं नाही, ती पेटी ठेवते, मी दोरा बांधते, ती येते, मी दोरा सोडते. "तू विचारावंस की नाही ते मला कळत नाही. पण दोरा कापून उत्तर मिळत नसतं, एवढं मला ह्या कामात कळलंय."

शुक्रवारी संध्याकाळी बाबांना यायला उशीर होता. आई फ्रीज पुसत होती, सगळे खण बाहेर काढून, बर्फाच्या पाण्यात हात लाल करून. तिनं विचारायचं ठरवलं होतं हळू, आडून, पण तिच्यात आडून असं काही आता उरलंच नव्हतं. हिरवी पेटी मी बघितली, ती म्हणाली. आत काय आहे तेही बघितलं. आईचा हात थांबला नाही. फडका त्याच एका जागी फिरत राहिला, आणि तिला स्वतःची गुरुवारची बादली आठवली, आणि आपण दोघी एकसारख्या आहोत ह्याची तिला भयंकर भीती वाटली आणि आधारही वाटला. मग आईनं सांगितलं, फ्रीजच्या आत बघत, जणू तिथं कुणीतरी तिसरं बसून ऐकत होतं. बाबा बोलायचे थांबले होते त्या पाच महिन्यांत भरली. दर आठवड्याला एक वस्तू. खोलीसुद्धा बघून ठेवली होती, लॅबच्या मागे, जिना अंधारा होता पण खिडकी मोठी. राग नव्हता तुझ्या बाबांवर. राग असता तर सोपं होतं. मी विचारायचे आणि मीच उत्तर द्यायचे, आणि एक दिवस मला वाटलं की आता मीही नाहीये ह्या घरात, नुसता आवाज आहे. मग त्यांनी एका सकाळी मीठ मागितलं. एवढंच. आणि मी गेले नाही.

मग परत का नेतेस, तिनं विचारलं. दिलीस ना, मग परत का? आई म्हणाली की देताना वाटतं झालं आता, कशाला ठेवायची, कुणाच्यातरी उपयोगी पडेल, तुझं ते भाषण ऐकून तर जास्तच वाटलं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या खोलीतली खिडकी कुणी भिंत घालून बुजवल्यासारखं होतं. "मी कुठे जात नाहीये गं. पण ती पलंगाखाली असली की राहणं सोपं जातं. आता हे तुला कसं कळावं."

तिला कळलं, आणि तीच पंचाईत होती. तिला दुसरं विचारायचं होतं, त्यासाठीच ती इथं उभी होती, आणि ते विचारण्यापेक्षा फ्रीजमध्ये शिरून दार लावून घेणं बरं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "त्यात दोनच ताटल्या आहेत. माझी कुठेय?"

आई खाली बसली, ओल्या फरशीवर, भाजीच्या खणाशेजारी. फ्रीजच्या मोटरची घरघर सुरू होऊन बंद पडली. "तुझी घातली होती," ती म्हणाली. "तीनदा घातली आणि तीनदा काढली. ती घातली की पेटी ही पेटी राहायची नाही, घरच व्हायचं, आणि घर उचलून न्यायची ताकद माझ्यात नव्हती तेव्हा. खोटं कशाला बोलू. तुला सोडून जायचा विचार मी केला होता. करून बघितला होता." आईनं हात पुसले आणि तिच्या पायाच्या घोट्याला धरलं, लहान मूल धरतं तसं. हात बर्फासारखा गार होता. तिनं पाय काढून घेतला नाही. तिला वाटलं होतं हे ऐकलं की आपण मोडून पडू. पण अंगात कुठेतरी उलटच झालं होतं. नाव नसलेली भीती चार दिवस घरभर फिरत होती, तिला आता नाव मिळालं होतं, आणि नाव असलेल्या गोष्टीशी बोलता येतं. ती रात्रभर जागी राहणार असं तिला वाटलं, आणि ती उशीला डोकं लागताच झोपली.

शनिवारी सकाळी साडेदहाला आईनं केस बांधले. लॅबला सुट्टी होती. बाजाराची पिशवी घेतली नाही. जरा जाऊन येते, ती म्हणाली, कुणाकडेच न बघता, आणि दाराशी चपलांमध्ये पाय घालायला लागली. बाबा टेबलावर टॉर्च उघडून बसले होते. स्प्रिंग, बल्ब, झाकण, सगळं वर्तमानपत्रावर मांडून. भोंगा टोस्टचा तुकडा हातात घेऊन उभी होती आणि तिचे कान भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. तेव्हा बाबांनी बल्बवर फुंकर मारली, तो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "पेटी जड आहे. मी येऊ का आणायला?"

आईचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर राहिला. बाबांनी कुणाकडे बघितलं नाही. कान मात्र लाल झाले होते, हे तिला बाजूनं दिसलं. त्यांना माहीत होतं. किती वर्षं? फरशीवरचा चौकोन त्यांनीही वाकून बघितला असणार, चार वेळा, आणि चार वेळा काहीच न बोलता पलंगावर झोपले असणार, त्या पेटीच्या वर, रोज, हे माहीत असून की बायकोनं जायची तयारी खाली ठेवलीय. एका घरात दोन माणसं इतकी वर्षं एकमेकांच्या इतक्या जवळ, एका पेटीच्या उंचीवर, आणि एक शब्द नाही. आणि तिच्या घशातून, स्पर्धेच्या दिवशी आला होता तसाच, न बोलावता आवाज वर आला. तिला एवढंच कळलं की आता कुणीतरी सगळं मोठ्यानं म्हणायला हवं आणि ह्या घरात त्या कामाला तिच्याशिवाय माणूस नाही. तिनं टोस्टचा तुकडा वर्तमानपत्रावर स्प्रिंगच्या शेजारी ठेवला.

"आई, दोन मिनिटं थांब. बाबा, तुम्ही पण ऐका, बल्ब ठेवा खाली," ती म्हणाली. "पेटी कुणाला द्यायची की परत आणायची ते आईचं, मी तिला हात लावणार नाही. परवा लावला होता, चुकलं माझं. पण माझं एक ठरलंय आणि ते मी तुम्हा दोघांना सांगून ठेवतेय. आई, तुला कधी जायचं झालं, उद्या, दहा वर्षांनी, कधीही, तर मी तुझ्याबरोबर येणार. मला विचारू नकोस, माझी ताटली घालू का नको ह्यात पाच महिने घालवू नकोस, मी येणारच आहे. आणि बाबा, तुम्ही पुन्हा बोलायचे थांबलात ना, तर मी गप्प बसणार नाही, रोज तुमच्यासमोर बसून विचारत राहणार, उत्तर मिळेपर्यंत, माझा आवाज तुम्हाला माहितीय. म्हणजे आता बघा. त्या पेटीत सगळं एकीपुरतंच आहे, आणि आपल्याकडे एकटी जाणारी कुणीच नाही. ज्या बाईला ती हवीय ती आठ दिवस दुसऱ्याच्या ताटात जेवतेय आणि बारा वाजता दाराशी येऊन उभी राहणार आहे. मी तिथं जातेय. तुम्ही दोघं येणार असाल तर चला."